गाभाऱ्याचं माप

गौरवीचं पत्र मला २०२३ च्या मार्चमध्ये आलं. दोन्ही बाजूंनी लिहिलेले दोन कागद, आणि शेवटी एकच मागणी : काका, दोन ओळी लिहून द्या, खाली सही करा, दहा एप्रिलच्या आत. मी त्या दोन ओळी लिहिल्या नाहीत. दहा एप्रिल गेला. त्यानंतर अडीच वर्षं गेली.

ती कोण आणि माझ्या सहीची तिला गरज का पडली, ते आधी सांगतो.

मी डिचोली तालुक्यातल्या एका लहान गावात राहतो. एकतीस वर्षं हायस्कुलात ग्रंथपाल होतो. माणसांशी बोलायचं म्हटलं की मला घाम फुटतो, पण पुस्तकातलं काही विचारलं तर तोंड उघडतं. त्यामुळे गावात माझ्याबद्दल एक समज पसरला की भिकाजीला सगळं माहीत असतं. आमच्या देवीच्या देवळाची स्मरणिका निघाली तेव्हा इतिहासाचं प्रकरण मला लिहायला सांगितलं. त्यातलं किती मला खरोखर ठाऊक होतं आणि किती मी इतर पुस्तकांवरून ताडलं होतं, हे कोणी विचारलं नाही. मीही स्वतःला विचारलं नाही.

२०२२ च्या डिसेंबरात आर्किटेक्चरच्या दुसऱ्या वर्षाची आठ मुलं देवळाची मोजणी करायला आली. हा त्यांच्या अभ्यासाचाच भाग. एखादी जुनी इमारत निवडायची, तिचा प्रत्येक खांब, पायरी, कोनाडा स्वतःच्या हाताने मोजायचा आणि त्यावरून मोठ्या कागदांवर नकाशे काढायचे. मुलं शाळेच्या हॉलात झोपायची, सकाळी पोदेराकडचे, म्हणजे पाववाल्याकडचे, उंडे आणि चहा घ्यायची आणि उन्हं चढायच्या आत देवळात हजर. प्रत्येकाला एकेक भाग वाटून दिला होता. गाभारा आणि त्याच्यावरचा घुमट गौरवीच्या वाट्याला आला.

मांद्र्याची मुलगी. घरी समुद्राकडे दोन खोल्या पर्यटकांना भाड्याने देतात, वडील आधी मासेमारी करायचे, असं तिनेच सांगितलं. उंच, काटकुळी, केसांत पेन्सिल खोवलेली. पहिल्या दिवशी ती सभामंडपात चक्क उताणी झोपली आणि छताचे वासे मोजू लागली. पुजारी शिवदासभट ओरडले, "ए बाय, हें देऊळ आसा, तुज्या घराचो सोपो न्हय!" ती उठून बसली आणि म्हणाली, "भटजी, तुम्ही पण एकदा झोपून बघा. चौथा वासा बाकीच्यांपेक्षा जाड आहे. कोणीतरी नंतर बदललाय." शिवदासभटांनी चाळीस वर्षं त्या छताखाली पूजा केली होती. ते खरंच मान वर करून बघत राहिले.

मला ती मुलगी आवडली. माझ्याशी बोलताना ती उत्तराची वाट बघायची. माझ्यासारख्या अडखळणाऱ्या माणसाला याचं फार वाटतं. मी तिला स्मरणिकेची प्रत दिली. तिने ती रात्रीत वाचून काढली आणि सकाळी पंधरा प्रश्न विचारले. सहा प्रश्नांची उत्तरं मला येत होती.

अडचण गाभाऱ्याची होती. आमच्या देवळात पुजारी आणि सोवळ्यातले महाजन, म्हणजे देवळाच्या मानकरी घराण्यांतले पुरुष, सोडून कोणी आत जात नाही. बाहेरून सगळं मोजता येत होतं. भिंती किती लांब, दाराची चौकट किती खोल, दाराशेजारची भिंत किती जाड. आतलं माप मात्र आत गेल्याशिवाय मिळणार नव्हतं. तिने शिवदासभटांना विचारलं.

"देवाक माप लायतात काय गो? माप मड्याक लायतात," ते म्हणाले.

ती माझ्याकडे वळली. "काका, तुम्ही महाजनांपैकी ना? तुम्हाला जाता येतं ना आत?"

येत होतं. मी नाही म्हणायला हवं होतं. पण तिच्यासमोर मी देवळाचा जाणकार होतो, आणि आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी मला काहीतरी करायला सांगत होतं जे फक्त मलाच करता येईल. शिवदासभट कुरकुरले, पण माझ्याकडे बघून त्यांनी परवानगी दिली. धातूची टेप चालणार नव्हती. सोवळ्यातला सुती दोरा न्यायचा, आत ताणून धरायचा, गाठ मारायची, बाहेर आणून तिने तो टेपवर मोजायचा असं ठरलं.

"लांबी, रुंदी आणि दोन्ही कर्ण," ती म्हणाली. "म्हणजे ह्या कोपऱ्यातून त्या समोरच्या कोपऱ्यात. दोन्ही बाजूंनी. कर्ण घेतल्याशिवाय खोली सरळ आहे की कलंडलेली, ते कळत नाही. चारही भिंती बरोबर असल्या तरी कोपरे फसवतात."

"समजलं," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी आंघोळ करून ओलेत्याने मी आत गेलो. लहानपणी मुंजीच्या वेळी गेलो होतो, त्यानंतर कधीच नाही. एकच समई होती. तेलाचा आणि वाळलेल्या फुलांचा वास कोंडलेला. डावीकडच्या भिंतीच्या भेगेत दोऱ्याचं टोक अडकवून उजवीकडे नेलं, गाठ मारली. रुंदी झाली. आता पुढून मागे. मागच्या भिंतीला मूर्तीचं पीठ जवळजवळ टेकलेलं होतं. पीठाला वळसा घालून, देवीच्या पाठीमागच्या फटीत हात घालावा लागणार होता. मी एक पाऊल टाकलं. माझा ओला खांदा प्रभावळीला लागला आणि ती किंचित हलली. मी पाऊल मागे घेतलं.

"भिकू, जालें काय ना रे?" बाहेरून शिवदासभटांचा आवाज. "निवेद थंड जाता!"

मी बाहेर आलो. दोऱ्यावर एकच गाठ होती.

गौरवी पायरीखाली वही उघडून उभी होती. तिने दोरा टेपवर धरला. "नऊ फूट चार इंच. ही रुंदी. आणि लांबी?"

"तेवढीच," मी म्हणालो. "गाभारा चौरस आहे."

हे मी खोटं बोलतोय असं तेव्हा मला वाटलंही नाही. गाभारा चौरस असतो असं मी वाचलं होतं, एका नव्हे, तीन पुस्तकांत. स्मरणिकेतही मी तेच लिहिलं होतं. जे पुस्तकात आहे ते भिंतीतही असणार असं मी धरून चाललो. म्हातारपणी आत हात घालून देवीच्या पाठीमागे चाचपायचं कशाला?

"कर्ण?"

"उद्या देतो. आज भटजींना घाई होती."

घरी येऊन मी कॅल्क्युलेटर काढला. चौरसाच्या बाजूवरून कर्ण काढायचं गणित सातवीतल्या पोरालाही येतं. तेरा फूट अडीच इंच. दोन्ही कर्ण एकसारखे. चिठ्ठीवर सुवाच्य अक्षरात लिहून मी सकाळी तिला दिलं.

"आत जाऊन मोजलेत ना काका?" तिने विचारलं. संशयाने नव्हे. वहीत प्रत्येक मापासमोर कोणी मोजलं ते ती लिहायची.

"मोजले," मी म्हणालो.

तिने लिहिलं : भिकाजीकाका, दोऱ्याने.

मुलं परत गेली. जाताना गौरवीने माझ्या बायकोला, सुलोचनाला, सभामंडपाचं एक चित्र दिलं. ते स्वयंपाकघराच्या जनेलाशेजारी, उजेड येतो तिथे, अजून चिकटवलेलं आहे.

मार्चमधल्या पत्रात तिने जे लिहिलं होतं ते असं. परीक्षणाच्या दिवशी, ज्याला ती मुलं ज्युरी म्हणतात, प्रत्येकाने आपले कागद भिंतीवर टाचायचे आणि सगळ्या वर्गासमोर शिक्षकांना समजावून सांगायचं. बाहेरून आलेले एक परीक्षक तिच्या कागदापुढे बराच वेळ उभे राहिले. मग त्यांनी विचारलं, तुझ्या गाभाऱ्याच्या तिन्ही भिंती अठ्ठावीस इंचांच्या आणि मागची भिंत नऊ इंचांची कशी? नऊ इंचांच्या चिऱ्यावर हा घुमट उभा आहे? तिने सांगितलं, सर, बाहेरचं माप मी घेतलंय, आतलं काकांनी. बाहेरच्यातून आतलं वजा केलं की एवढंच उरतं. मलाही विचित्र वाटलं होतं, म्हणून मी बाहेरचं पुन्हा दोनदा मोजलं.

मग त्यांनी कर्ण बघितले. मोबाईल काढून गणित केलं. म्हणाले, अर्धा इंचसुद्धा फरक नाही. दोनशे वर्षांपूर्वीच्या गवंड्याने वर्गमूळ काढून चिरे रचले होते काय? वर्ग हसला. मग कोणीतरी माझी स्मरणिका पुढे केली. ती मी आठही जणांना दिली होती. तीत छापलेलंच होतं : गाभारा चौरस.

सगळ्यांची खात्री पटली की तिने ते पुस्तिकेतून उचललं आणि कर्ण घरी बसून तयार केले. त्यांच्या अभ्यासात याहून मोठा गुन्हा नाही म्हणे. एखादं माप मिळालं नाही तर "मोजता आलं नाही" असं लिहिलं तरी चालतं. खोटं माप चालत नाही.

"काका," तिने लिहिलं होतं, "मी सरांना सांगितलं की तुम्ही ओलेत्याने आत गेला होता, मी स्वतः बघितलंय. ते म्हणाले, मग त्यांच्याकडून तसं लेखी आण. दहा एप्रिलला समिती बसणार आहे. मागच्या भिंतीचं काहीतरी वेगळं कारण असेल, ते आपण नंतर शोधू. तुम्ही फक्त एवढंच लिहा की तुम्ही मोजलंत. माझं सगळं वर्ष त्या एका वाक्यावर आहे."

तिसऱ्यांदा वाचून झाल्यावर मी पत्र घडी घालून ठेवलं. मोजलं असं लिहिलं तर ते खोटं, आणि तेही सहीनिशी. मोजलं नाही असं लिहिलं तर त्या कॉलेजात, मग गावात, महाजनांत, शिवदासभटांपर्यंत जाणार की भिकाजी सोवळ्याने गाभाऱ्यात गेला आणि दारात येऊन खोटं बोलला. दोन्ही प्रकारची पत्रं मी लिहून बघितली. दोन्ही फाडली.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात तिचा फोन आला. नाव दिसत होतं. वाजून थांबला. दुसऱ्या दिवशी परत आला.

"घेत का नाय?" सुलोचनाने विचारलं.

"बँकेवाले असतील."

"बँकेवाल्यांचं नाव गौरवी असतं काय?" ती म्हणाली आणि आत गेली.

दहा एप्रिल उलटला तेव्हा मला हलकं वाटलं. हे लिहायला लाज वाटते, पण वाटलं. आता उत्तर द्यायचा प्रश्नच उरला नव्हता. हुशार मुलगी आहे, निभावून नेलं असेल, असं मी स्वतःला सांगत राहिलो, आणि हळूहळू ते मला माहिती असल्यासारखं वाटू लागलं.

यंदा देवळाचा जीर्णोद्धार निघाला. जुनं उतरवायचं आणि तिथेच सिमेंटचं नवं बांधायचं. मला ते पसंत नव्हतं, पण सभेत मी बोललो नाही. मी सभेत कधीच बोलत नाही. कौल लावला, देवीने उजवा, म्हणजे होकार, दिला, आणि नोव्हेंबरात मूर्ती शेजारच्या तात्पुरत्या मंडपात नेली. रिकाम्या देवळात मग सोवळं उरलं नाही. बेळगावकडचे कामगार आले.

त्यांच्याबरोबर आर्किटेक्टच्या ऑफिसातून एक तरुण यायचा, हातात टॅब्लेट घेऊन. एक दिवस तो माझ्या दारात आला.

"भिकाजीकाका ना? मी गौरेश. आम्ही सेकंड ईयरला आलेलो इथे, आठवतंय? आता ट्रेनिंग चालू आहे माझं. तुमची ती पुस्तिका होती ना, ती मिळेल?"

मी त्याला बसायला सांगितलं. सुलोचनाने चहा आणला आणि मी विचारायच्या आधी तिनेच विचारलं, "आमचं ते मांद्र्याचं चेडू कसं आहे? गौरवी?"

गौरेशने कप खाली ठेवला. "ती नाही कॉलेजात. माहीत नाही तुम्हाला?"

"काय?"

"स्टुडिओच्या विषयात शून्य दिलं तिला. खोटं मोजमाप म्हणून. सगळं वर्ष परत करायचं होतं. आमच्याहून लहान मुलांच्यात बसायची. ती मुलं पण तिला बघून... आम्ही नाव ठेवलेलं ना, वर्गमूळ. तेच त्यांनी उचललं." तो थांबला. "दोन महिने आली. मग यायची बंद झाली."

"आणि आता?"

"हरमलात एका गेस्टहाऊसच्या काउंटरवर असते. गेलेलो मी एकदा पोरांबरोबर. तिने ओळख दाखवली नाही. म्हणजे, मी पण नाही दाखवली."

सुलोचना माझ्याकडे बघत होती. मी स्मरणिका शोधायला आत गेलो आणि कपाटापुढे नुसता उभा राहिलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी देवळात गेलो. गाभाऱ्याचं दार काढून भिंतीला टेकवून ठेवलं होतं. रबरी बूट घातलेला एक कामगार आतला केर टोपलीत भरत होता. खानापूरचा सुभाष, पन्नाशीचा माणूस. मला बघून म्हणाला, "या की मास्तर, आत या. आता काय देव नाही आत."

गौरेश बाहेर होता. त्याला मी म्हणालो, "मला आतलं माप हवंय. तुझ्यासमोर."

"घेतलंय की मी काल. कशाला?"

"परत घे."

सुभाषने टेपचं टोक समोरच्या उंबऱ्यापाशी धरलं. दुसरं टोक मी घेतलं. पीठ हलवलेलं होतं. मागची भिंत उघडी होती, तेलाने काळी झालेली. मी तिला हात लावला. अगदी सहज.

"सात फूट नऊ," गौरेश म्हणाला.

"पुन्हा."

"काका, तीनदा मोजलं तरी सात नऊच येणार."

"कर्ण."

सुभाष कोपऱ्यात वाकला. "तीनशे देवळं, घरं पाडली असतील वो मास्तर, पण असं माप घेणारा म्हातारा नाही बघितला."

एक कर्ण बारा फूट तीन. दुसरा बरोबर बारा फूट. खोली चौरस तर नव्हतीच, थोडी कलंडलेलीही होती. गौरवीला कर्णांवरून जे बघायचं होतं ते हेच. आणि मागची भिंत? मी सांगितलेले नऊ फूट चार आणि खरे सात फूट नऊ यांतला एकोणीस इंचांचा फरक तिच्या नऊ इंचांत मिळवला की अठ्ठावीस. इतर भिंतींसारखीच साधी, जाड भिंत. तिने बाहेरून घेतलेलं प्रत्येक माप बरोबर होतं.

गौरेशलाही हिशेब लागला. तो टॅब्लेटकडे बघत म्हणाला, "म्हणजे तिने बनवलं नव्हतं. मग चौरस कोणी सांगितलं तिला?"

"मी."

"तुम्ही मोजलेलं ना आत जाऊन?"

"रुंदी मोजली. बाकीचं घरी बसून काढलं. तिला सांगितलं की मोजलं."

त्याने टॅब्लेट बंद केला. बाहेर कोणीतरी कौलं उतरवत होतं, एकेक खाली देत होतं.

"आम्ही हसलो होतो," तो म्हणाला. "सगळे. मी तर जास्तच." मग थोड्या वेळाने, "तुम्ही त्यावेळी दोन ओळी लिहिल्या असत्या तरी..." वाक्य त्याने पुरं केलं नाही. ते बरं झालं असं मला वाटलं, आणि तसं वाटल्याबद्दल वाईटही वाटलं.

मी त्याला विचारलं की आता कॉलेजला लिहिलं तर काही होईल काय. त्याला नक्की माहीत नव्हतं. नाव काढलेलं असेल, पण परत अर्ज करता येतो असं ऐकलंय, म्हणाला. ती करेल की नाही, कॉलेज घेईल की नाही, कोण सांगणार. मी म्हणालो, आजची मापं मी कागदावर लिहितो, साक्षीदार म्हणून तू सही कर.

त्याने मान खाली घातली. "काका, माझं नाव नको. तिला शून्य दिलं तेच सर पुढच्या टर्मला माझ्या थिसिसला आहेत."

मला त्याचा राग आला नाही. राग यायला माझ्याकडे जागा कुठे होती? त्याच्या वयाचा असतो तर मीही तेच म्हणालो असतो. पंचाहत्तराव्या वर्षी तेच केलं होतं.

टोपली उचलता उचलता सुभाष थांबला. "मी करू काय सही? टोक मीच धरलं होतं की. चालत असेल तर बघा."

"चालेल," मी म्हणालो.

त्याने हात पँटला पुसले आणि पीठाच्या दगडावर कागद ठेवून सावकाश पूर्ण नाव लिहिलं, खाली गावाचं नाव आणि तारीखही.

त्या दुपारी मी गौरवीला उत्तर लिहिलं. सहा पानं झाली. गाभाऱ्यातला अंधार, प्रभावळ कशी हलली, भटजींची घाई, माझा भिडस्त स्वभाव, ती तीन पुस्तकं, सगळं त्यात आलं. मी ते सुलोचनाला वाचून दाखवलं. एवढ्या वर्षांत मी तिला काही वाचून दाखवल्याचं आठवत नाही. तिने मध्येच शेवग्याच्या शेंगा मोडायच्या थांबवल्या.

"सरलं?"

"हो."

"ह्यात सगळीकडे तुम्हीच आहात. त्या चेडवाचं कुठं आहे?"

मी पानं उलटून बघू लागलो.

"तिने दोन ओळी मागितल्या होत्या," ती म्हणाली. "मी वाचलंय ते पत्र. तुमच्या कपाटात मी झाडू मारते."

"मग तू बोलली का नाहीस?"

"तुम्हाला लाज वाटेल म्हणून." तिने शेंग परत हातात घेतली. "चुकलंच माझं. वाटू द्यायला हवी होती."

सहा पानं मी बाजूला ठेवली. नव्या कागदावर लिहायला बसलो. प्रत्येक वाक्यानंतर मनात "कारण" हा शब्द यायचा आणि मी तिथेच पूर्णविराम द्यायचो. शेवटी जे उरलं ते असं :

"चि. गौरवीस,

तुझं १९ मार्च २०२३ चं पत्र मला वेळेत मिळालं होतं. तुझे फोनही मला दिसले होते. मी मुद्दाम उत्तर दिलं नाही.

गाभाऱ्याची फक्त रुंदी मी मोजली. लांबी मोजली नाही. दोन्ही कर्ण मी घरी गणिताने काढले. तू विचारलंस तेव्हा मी मोजले असं खोटं सांगितलं. तुझ्या वहीतली ही तीन मापं माझी आहेत, तुझी नाहीत. स्मरणिकेतलं 'चौरस' हेसुद्धा मी न मोजता लिहिलं होतं.

आज प्रत्यक्ष मोजलेली मापं सोबत आहेत, साक्षीदाराच्या सहीसह. त्यावरून मागची भिंत अठ्ठावीस इंच येते. तुझी बाहेरची सगळी मापं बरोबर होती.

हेच मी आज तुझ्या कॉलेजलाही लिहिलं आहे. त्याची प्रत जोडली आहे. तिचा उपयोग करायचा की नाही ते तू ठरव.

माझ्यामुळे तुझं शिक्षण गेलं. माफी मागायचा मला अधिकार आहे असं वाटत नाही, म्हणून मागत नाही.

भिकाजी"

कॉलेजचं पत्र याहूनही लहान झालं. तिसरी प्रत जीर्णोद्धार समितीसाठी काढली आणि जाता जाता शिवदासभटांच्या हातात दिली. त्यांनी ती उभ्यानेच वाचली, ओठ हलवत. त्यांनी मला बसायला सांगितलं नाही. कागद परत माझ्या हातात देत म्हणाले, "हें तूंच वाच सभेंत. हांव वाचचो ना."

"वाचतो," मी म्हणालो.

गौरेश वाटेत भेटला. गाडीवर होता. म्हणाला, "हरमल काय लांब नाही काका. बसा मागे, हातातच देऊ." मी नको म्हणालो. तिच्या काउंटरसमोर पाहुण्यांच्या रांगेत उभं राहून, ती वर बघेपर्यंत थांबायचं, एवढं बळ माझ्यात नव्हतं. तोंडावर सांगायचं ते तसंच राहिलं. आणि तिने तरी माझं तोंड का बघावं?

डिचोलीच्या पोस्टात गर्दी नव्हती. काउंटरवरच्या मुलीने दोन्ही पाकिटं उलटून बघितली.

"मांद्र्याचं हे साधं टाकू की रजिस्टर?"

"दोन्ही रजिस्टर. पोचपावतीसह."

"आत काय आहे?"

"कागद."

तिने पोचपावतीची कार्डं माझ्यापुढे सरकवली. परत कोणाला पाठवायचं त्या जागी मी माझं नाव आणि पत्ता सावकाश लिहिला. तिने पाकिटांवर पट्ट्या चिकटवल्या, शिक्का मारला आणि दोन्ही मागच्या पिशवीत टाकली.